खारा कंद

म्वाइयानं देठ ओढला आणि तो नुसताच तिच्या हातात आला. बाबाईचा, म्हणजे खड्ड्यात वाढणाऱ्या त्या थोराड अळूचा, कंद खाली चिखलातच राहिला. तिनं हात घालून तो वर काढला. बोट लावलं तर ते सरळ आत गेलं. जिभेवर ठेवलं तर खारट.

खड्ड्याच्या काठावर म्वाइयाच्या लेकीला कडेवर घेऊन जाऊबाई उभी होती. तेरेसिया. "गेला?" तिनं विचारलं.

"गेला नाही. मारला."

हा बाबाई म्वाइयाच्या आईनं लावला होता. रोपाभोवती पानांचं कडं विणून त्यात ती वर्षानुवर्षं चिरलेला पाला घाली, तान्ह्याला भरवावं तशी. "नातीच्या पहिल्या वाढदिवसाला काढ," मरताना म्हणाली होती. आणि मागच्या उधाणात गावाच्या नव्या भिंतीला धडकलेला समुद्र, भिंत संपते तिथून वळला नि थेट या खड्ड्यातल्या गोड्या पाण्यात उतरला. बेट ते केवढं? इकडे समुद्र, तिकडे खाडी, मध्ये दोरीएवढी जमीन.

भिंत सभाघरापुरतीच बांधायची, हे म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं. बायका मागे बसून ऐकत होत्या; सभाघरात तोंड उघडायची त्यांना मुभा नाही. नंतर म्वाइयानं बिरिबोमामाला वाटेत गाठलं. आईचा सख्खा भाऊ, म्हाताऱ्यांमधला पहिल्या मानाचा. तो म्हणाला, "पोरी, समुद्राला कुठूनतरी वाट द्यावीच लागते."

आज त्या भिंतीचीच जेवणावळ होती.

"तांदूळ शिजवून ने गं," तेरेसिया म्हणाली. "हल्ली सगळे तेच नेतात."

"मामापुढे बाबाई वाढायचा मान आमच्या घराचा. तो मी मोडायची नाही."

"अगं, थुंकेल तो!"

"थुंकू दे चारचौघांत. आणि गिळला, तर रीतीप्रमाणे विचारावं लागेल, कुणाच्या खड्ड्यातला म्हणून. तेवढ्याला तरी बाईनं उत्तर द्यायचं असतं ना?"

तिनं कंद शिजवला, वर नारळाचं दूध ओतलं. वास लपला नाही. सभाघरात मामापुढे पान ठेवून ती मागे बायकांत जाऊन बसली, लेकीला मांडीवर घेऊन.

मामानं घास घेतला. जबडा थांबला. शेजारचा म्हातारा नाक मुरडून काही बोलणार, तोच मामानं त्याला हातानं गप्प केलं आणि गिळलं. मग दुसरा घास. मग तिसरा. म्वाइयाच्या ओठांवर आलेल्या शिव्या तिथंच अडल्या, त्यानं ती आणखीच पेटली. गिळून सुटतोय होय म्हातारा!

पान रिकामं झालं. मामानं घसा खाकरला. "कुणाच्या खड्ड्यातला?"

म्वाइया उभी राहिली.

"मामा, तुझ्या बहिणीच्या. शेवटचा होता. पुढच्या खेपेला तांदूळ."

बाहेर भिंतीवर लाट आदळली तशा सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. मामाची तेवढी, भिंत संपते तिकडे.

उष्टं पान वाढणारीनंच उचलायचं असतं. म्वाइयानं लेकीला उचललं आणि ती पायऱ्या उतरून गेली.