साहेबांना वाईट ऐकवत नाही

मित्रांनो, मला तोंड आहे पण जीभ नाही, पोट आहे पण भूक नाही. देशाचा कारभार ज्या इमारतीतून चालतो, तिथे प्रमुखांच्या दालनाबाहेर भिंतीला टांगलेली तक्रारपेटी, ती मी. आता जुनी झाले आणि तळघरात पडले आहे. माझी हकीकत सांगते, पण आधीच बजावून ठेवते, ऐकून तुमच्या तोंडाची चव बिघडेल. माझी कधीचीच बिघडली आहे.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. तो फट कापत असताना मुकादम त्याच्यावर खेकसला, "एवढी रुंद कशाला? पोस्टकार्ड गेलं म्हणजे झालं!"

"अहो, सुखी माणूस पोस्टकार्ड लिहितो," सुतार म्हणाला. "गांजलेला माणूस चार-चार पानं लिहितो. घडी जाड होते त्याची."

त्याने फट रुंदच ठेवली. माझ्याबरोबर एक नियमही जन्मला. दर सोमवारी सकाळी मला भिंतीवरून उतरवून प्रमुखांच्या टेबलावर ठेवायचे आणि प्रमुखांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढून पत्रे वाचायची. दुसरी किल्ली टपाल विभागात असे, पहिली हरवली तर अडायला नको म्हणून.

माझे पहिले प्रमुख घुमे होते. एकेक पत्र दोनदा वाचत, चष्मा काढून पुसत, पुन्हा वाचत. कोणाला टाकून बोलले नाहीत, पण निर्णय म्हणाल तर राम राम! एका गावाने पूल हलतो म्हणून लिहिले होते. ते पत्र त्यांनी तीन सोमवार वाचले. चौथ्या सोमवारी पूलच उरला नव्हता. शिपाई आपसांत म्हणत, "आमच्या साहेबांचा विचार होईस्तोवर अंड्याची कोंबडी होते."

दुसरे तापट होते. अर्धे पत्र वाचले की माझ्या डोक्यावर मूठ आपटत. "कोण तो अभियंता? उभा करा त्याला!" उरलेल्या अर्ध्या पत्रात त्या अभियंत्याचा दोष नाही असेच लिहिलेले असायचे, पण तोवर त्याची बदली झालेली असे. तरी एक कबूल केले पाहिजे. त्यांच्या धाकाने नळ गळायचे थांबले आणि बंद दवाखाने उघडले.

त्या दोघांच्या काळात मला एक गोष्ट उमगली. खुर्चीतल्या माणसाचा स्वभाव खुर्चीत राहत नाही, तो इमारतभर पसरतो. घुम्यांच्या वेळी शिपाईसुद्धा पाय न वाजवता चालत. तापटांच्या वेळी फोन जोडून देणारी बाईसुद्धा ओरडे. दोघांतही खोट होती. पण माझ्या पोटात जे पडे, तेच टेबलावर निघे.

मग तिसरे आले, आणि माझ्या आयुष्याची घाण झाली.

तुम्हाला वाटेल, ते दुष्ट असतील. छे! इतका लाघवी माणूस मी पाहिला नाही. झाडूवालीच्या आईचे गुडघे दुखतात हे त्यांच्या लक्षात असे. चालकाच्या मुलाची परीक्षा कधी संपते हेही त्यांना पाठ होते. सगळी इमारत त्यांच्यावर जीव टाकायची. पहिल्या सोमवारी त्यांनी मला उघडले आणि दवाखान्यात औषध नाही असे एका बाईंचे पत्र वाचले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, चला, मायेचा माणूस भेटला. पण ते पाणी त्या बाईंसाठी नव्हते.

"मी या लोकांसाठी रक्त आटवतो," ते म्हणाले, "आणि हे मला असं लिहितात?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुपारच्या तीन बैठका रद्द झाल्या. संध्याकाळी त्यांच्या सचिवबाई टपाल विभागात आल्या आणि तिथल्या कारकुनाला म्हणाल्या, "आप्पा, पुढच्या वेळी वरती दोन-चार बरी पत्रं ठेवत जा. साहेबांना वाईट ऐकवत नाही."

या आप्पांची नोकरी अठ्ठावीस वर्षांची, अक्षर मोत्यासारखे आणि मान कायम खाली. त्यांनी बरी पत्रे वर ठेवली. महिन्याभरात बरी पत्रे संपली.

"आता काय करू, बाई?"

"तुमचं अक्षर सुरेख आहे ना? मग झालं तर!"

तेव्हापासून शनिवारी दुपारी मला टपाल विभागात नेऊन रिकामी करू लागले. खरी पत्रे गोणत्यात जात. मग आप्पा लिहायला बसत आणि चहाचे कप घेऊन सगळे भोवती जमत.

"आप्पा, आज कोण होताय? विधवा?"

"विधवा परवाच झालो."

"मग मच्छीमार व्हा! 'साहेब, तुमच्या राज्यात मासे आपणहून जाळ्यात उड्या मारतात.'"

सगळे खो खो हसत. आप्पाही हसत. गुळावर मुंग्या चढाव्यात तशी ती चिकट पत्रे माझ्या पोटात भरली जात, आणि सोमवारी साहेब ती मोठ्याने वाचत. "ऐका, ऐका, काय लिहिलंय बघा माझ्या लोकांनी!" बसलेले मंत्री माना डोलवत.

असेच एकदा एका परिचारिकेचे पत्र आले. शहराच्या उत्तरेला नवे जलशुद्धीकरण केंद्र झाले होते. त्याचे उद्घाटन साहेबांनीच केले होते. परिचारिकेने लिहिले होते की गाळण्या न बसवताच केंद्र सुरू झाले आहे, पाणी पिवळे येते, आणि महिन्याभरात एकशे बारा मुले आजारी पडून दवाखान्यात आली आहेत. गाळण्या बसेपर्यंत हे पाणी थांबवा. पत्र गोणत्यात गेले. तिने पुन्हा लिहिले, तेही गेले. तिसऱ्या खेपेला पत्राबरोबर पांढऱ्या फडक्याचा तुकडा होता. त्यातून तिने ते पाणी गाळले होते. फडक्यावर तपकिरी बुळबुळीत थर होता आणि त्याला मेलेल्या उंदराचा वास येत होता. दोन दिवस तो वास माझ्या पोटात घुमत होता.

आप्पांनी फडके दोन बोटांत धरले. "शी!" ते म्हणाले, आणि साबणाने हात धुऊन आले. मग बसून त्यांनी लिहिले, 'साहेब, तुमच्या कृपेने आमच्या नळाला अमृत येते. आमच्या मुलांच्या गालांवर लाली चढली.'

सोमवारी साहेबांनी ते पत्र दोनदा मोठ्याने वाचले. "अमृत!" ते मंत्र्यांना म्हणाले. "मग हे अमृत एकट्या उत्तरेलाच का? ते आधी माझ्या माणसांना मिळालं पाहिजे. आपल्या कर्मचारी वसाहतीला याच केंद्राचं पाणी जोडा!"

टाळ्या झाल्या. दाराशी उभ्या असलेल्या आप्पांनीही वाजवल्या. वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले. ते त्याच वसाहतीत राहत होते.

बाहेर येऊन त्यांनी सचिवबाईंना गाठले. "बाई, ते पाणी प्यायचं नाहीये हो!"

"तुम्हीच तर लिहिलंत अमृत म्हणून."

"तुम्ही सांगा ना साहेबांना."

"मी? आणि दिवसभर त्यांचं रडणं कोण बघणार? घरी उकळून प्या, आप्पा."

एरवी वसाहतीच्या तुटक्या पायरीसाठी वर्ष लागायचे, पण ही नळजोडणी तीन आठवड्यांत झाली. आप्पांच्या घरी पाणी उकळत होते. पण त्यांची चार वर्षांची नात बालवाडीत जायची, आणि तहान लागली की पोर तिथल्या नळाला तोंड लावायची.

एका दुपारी आप्पांची बायको इमारतीत आली. मला टांगले होते तिथेच, माझ्याखालच्या बाकावर बसली. केस विस्कटलेले, पायात दोन जोडांच्या दोन चपला. आप्पा धावत येऊन तिच्याशेजारी बसले.

"पोरगी डोळे उघडेना हो. एका खाटेवर तीन-तीन मुली झोपवल्यात. डॉक्टर एक, तोही धावतोय."

"होईल बरी," आप्पा म्हणाले.

"होईल काय होईल! तुमचे साहेब एवढे मायाळू, सांगा ना त्यांना. त्यांच्या एका शब्दानं नळ बंद होईल. आणि ऐकलंत का? म्हणे कोणीतरी साहेबांना पत्र लिहिलं की हे पाणी अमृत आहे. हात झडो मेल्याचा!"

आप्पांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. मग म्हणाले, "तू जा. सोमवारी सांगतो."

त्या शनिवारी त्यांनी मला रिकामे केले आणि काहीही न भरता परत टांगले. सोमवारी सकाळी ते समोरून आले, बाहेरचा माणूस येतो तसे. हातात चार पानी पत्र होते, खाली स्वतःची सही. त्यांनी ते फटीतून आत सोडले. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात खरे काही पडले होते. खरे सांगते, मला बरे वाटले.

मला टेबलावर ठेवले, आप्पा दाराशी उभे राहिले आणि साहेबांनी कुलूप काढले. एकच पत्र पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. खालच्या सहीपर्यंत त्यांनी ते पूर्ण वाचले. आता रडतील, असे वाटले. पण त्यांनी मान वर केली आणि ते हसले.

"आप्पा, किती सुंदर अक्षर आहे तुमचं! दोन वर्षं वाचतोय मी. विधवेचं पण हेच, मच्छीमाराचं पण हेच."

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे साहेब... तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, सोमवार किती छान जायचा माझा!"

"साहेब, माझी नात..."

तसे साहेब उठले. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खरोखर त्यांचे डोळे भरले. "आधी का नाही सांगितलंत? आत्ताच्या आत्ता माझा डॉक्टर पाठवतो. छकुलीला काही होणार नाही."

"आणि पाणी, साहेब? वसाहतीचं, उत्तरेचं... गाळण्या..."

साहेबांनी ती चार पाने नीट घडी करून आप्पांच्या हातात दिली.

"हे आज काही जमलं नाही तुम्हाला," ते प्रेमाने म्हणाले. "पुन्हा लिहा. तोवर मी डॉक्टरला फोन लावतो."

त्यांनी फोनवर हात ठेवला, पण उचलला नाही. ते वाट पाहत राहिले.

आप्पा माझ्याशेजारी, त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून उभे राहिले आणि त्यांनी लिहिले. चार ओळी लिहिल्या. साहेबांनी वाचून मान डोलावली आणि फोन उचलला.

आठवड्याने आप्पांची बायको पुन्हा आली. या खेपेला ती साहेबांच्या पाया पडायला आली होती. बाकावर बसून ती झाडूवालीला सांगत होती, "पोरगी वाचली बाई! साहेबांनी धाडलेला डॉक्टर म्हणजे देवमाणूस. सरळ आमच्याच पोरीपाशी आला, बाकीच्यांकडे बघायला वेळच नव्हता बिचाऱ्याला. तिच्याच खाटेवरच्या दोघी गेल्या. ज्याचं त्याचं नशीब."

पुढच्या महिन्यात मला काढले आणि माझ्या जागी काचेची पेटी लावली. पारदर्शक कारभार म्हणे!

मित्रांनो, मी तळघरात आहे याचे मला दुःख नाही. मला धुऊन-पुसून पुन्हा टांगा, असेही मी म्हणणार नाही. ओरडणाऱ्या माणसाला लोक घाबरतात, ते दिसते तरी. पण ज्याला दुखवायचे नाही म्हणून सगळे खोटे बोलतात, त्याच्या मऊपणाची मला आजही शिसारी येते. तुमच्यातला कोणी उद्या वर्गाचा प्रमुख होईल, कोणी घराचा, कोणी देशाचाही. कोणी येऊन म्हणाले, "तुमचं चुकलंय," तर तोंड पाडून बसू नका. तुमचे रडू पुसण्यात दुसऱ्यांचा जीव जातो. त्याचे शेवटपर्यंत ऐका आणि आधी उठून नळ बंद करा. वाईट वाटून घ्यायला मागून पुष्कळ वेळ असतो.