अंगठ्याची थाप

मी एक जुनी बेस गिटार आहे, मित्रांनो. मला जाडजूड अशा चारच तारा. आवाज खोल, म्हणून गाण्यात मी पटकन ओळखू येत नाही; पण मी थांबले, की नाचणाऱ्यांचे पाय थबकतात.

माझा धनी फंक वाजवायचा. फंक म्हणजे ठेक्याचं संगीत. तो अंगठ्याने तारेवर अशी थाप मारायचा, की खुर्चीला चिकटलेले म्हातारेही डोलू लागत. साथीदार त्याला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणत! लोक सह्या मात्र गायिकेच्या घेत.

"इमारत बघायला सगळे येतात, पाया बघायला कोण येतं?" तो हसून म्हणे.

वर्षानुवर्षं तो भल्यामोठ्या स्पीकरला पाठ लावून उभा राहिला. पुढे त्याच्या कानांत शिट्टी वाजू लागली. बायकोने त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

"कानांत बोळे घालून वाजवा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल," डॉक्टर म्हणाले.

त्याने ऐकलं नाही. बोळे घातले, की मी त्याला परक्यासारखी वाटे.

शेवटी एका कार्यक्रमात तो भलत्याच सुरात शिरला. ड्रमवाल्याने खुणा केल्या. याला वाटलं, शाबासकी देतोय. त्याने आणखी जोरात थाप मारली. लोक हसले. मी त्याच्या हातातच होते, पण मला त्याला सावध करता आलं नाही.

ड्रमवाला त्याचा सख्खा मेहुणा. निरोप त्यालाच द्यावा लागला.

"दाजी, आता घरी आराम करा."

"काय?"

"आराम करा, दाजी!" मेहुण्याला ओरडून सांगावं लागलं.

मग मी कपाटावर गेले. तारा गंजल्या, मानेला बाक आला. एका दुपारी बायकोने मला खाली काढलं, पुसलं आणि त्याच्या छातीशी टेकवलं. त्याने थाप मारली. लाकडातली थरथर बरगड्यांना कळली असावी. त्याचा चेहरा उजळला. तो वाजवतच सुटला. मी पार बेसूर झाले होते.

"जमतंय ना गं अजून?" त्याने विचारलं.

तिने हसून मान हलवली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली.

आता तो रोज वाजवतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. ती लावत नाही.

मित्रांनो, कारागिराकडे नेलंत तर मी पुन्हा सुरात येईन. त्याचे कान कुठे न्यायचे? तुमचे आहेत तोवर जपा.