रिकाम्या खळग्यातला उजेड

मित्रांनो, मी एक जुना प्रकाशमापक आहे. बाहेरून पाहिलेत तर नुसता चौकोनी पेटारा, एक छोटे दार आणि पुढे आकड्यांची पट्टी. माझ्या पोटात मात्र मिट्ट काळोख असतो. तुमच्या डोळ्यांना दिसतच नाही इतका थोडा उजेड मोजायचा, हाच माझा जन्मभराचा धंदा.

एका कारखान्यात जाड चष्म्याच्या कारागीर बाईंनी श्वास रोखून माझी काच बसवली. तेथून मी या प्रयोगशाळेत आलो. मोठे सर पाहुण्यांना आधी माझ्याकडे आणत. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे दार करकरू लागले, झाकणाचा कोपरा उडाला, आणि लोक माझ्या डोक्यावर हातमोज्यांचे खोके ठेवू लागले.

माझ्याकडे रोज येई ती ताई. ती इथली संशोधक, पण लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. तिच्या धाकट्या बहिणीला एक दुर्मीळ आजार होता. चालताना तिचा तोल जाई, दिवस मावळला की तिला दिसेनासे होई. दोष होता एका मेदाम्लाचा. साधे मेदाम्ल सरळ काठीसारखे असते, शरीर त्याचे तुकडे पाडून ते जाळते. पण गवत खाणाऱ्या जनावरांच्या दुधात आणि मांसात एक फांद्या फुटलेले मेदाम्ल असते. त्याचे टोक आधी तासावे लागते. धाकटीच्या शरीराला ते तासणेच जमत नव्हते, म्हणून ते साठत चालले होते. डॉक्टरांनी दूध, लोणी, मांस सगळे बंद केले. तरी रक्तातला आकडा काही उतरत नव्हता, आणि नजर दिवसेंदिवस मंदावत होती.

हे मेदाम्ल पेशीत जाऊन करते तरी काय, हे ताईला शोधायचे होते. पेशीच्या केंद्रकात एक ग्राही असतो, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारे प्रथिन. तो मेद जाळणाऱ्या जनुकांचा मुकादम. फांद्यांचे मेदाम्ल त्याला येऊन चिकटले की तो जागा होतो आणि जनुकांना कामाला लावतो, असा ताईचा अंदाज होता. म्हणून तिने ताटलीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत वाढवलेल्या पेशींत, त्या मुकादमाच्या हुकमावर पेटणारे काजव्याचे जनुक घातले होते. मुकादम जागा झाला की उजेड पडे, आणि तो मी मोजी. मेदाम्ल घातलेले खळगे उजळायला हवेत, न घातलेले रिकामे खळगे काळेच राहायला हवेत. इतका साधा हिशेब.

पण रिकामे खळगेही उजळत होते. एकदा नाही, तीन महिने.

"यंत्र म्हातारं झालंय," मोठे सर म्हणाले. "भंगारात काढा."

मला फार वाईट वाटले. मी दिसले तेच सांगत होतो. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटल्यावर संन्याशाने करायचे काय?

दोन हमाल मला उचलायला आले, तेव्हा मामा पुढे झाले. मामा म्हणजे पेशी वाढवणारे आमचे जुने मदतनीस. पेशींना ते लेकरे म्हणत. त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"थांबा. याचा दोष नाही. ताई, दोष माझा आहे."

पेशींना वासराच्या रक्तातले सीरम खायला घालतात. या प्रयोगासाठी ते कोळशातून गाळून त्यातला मेद काढून टाकलेला असे.

"त्या गाळलेल्या सीरमवर लेकरं मरगळली होती," मामा खाली मान घालून म्हणाले. "मला बघवेना. म्हणून सगळ्या खळग्यांत साधं सीरम घालत होतो, थोडं थोडं. एवढ्याशानं काय होतंय, असं वाटलं."

त्या थोड्याशा सीरममधला मेदच मुकादमाला जागा करत होता.

ताई रागावली नाही. मामांचे ते 'थोडं थोडं' ऐकताच तिने घरी फोन लावला. तो स्पीकरवर टाकून माझ्या डोक्यावर ठेवला.

"आई, खरं सांग. धाकटीला लोणी देतेस?"

"पावाला जरासं लावते गं. पोरगी पार वाळून चाललीय. आई आहे मी."

"मी रागावले नाही, आई. पण आजपासून बोटभरसुद्धा नको."

मामांनी तोंड फिरवले. हमाल रिकाम्या हाताने परत गेले.

पुढच्या खेपेला रिकामे खळगे काळे राहिले आणि मेदाम्लाचे लख्ख उजळले. ताईचा अंदाज खरा ठरला. काही महिन्यांनी धाकटीचा आकडाही उतरला, तिचे पाऊल सावरले. गेलेली नजर मात्र परत आली नाही. त्यांच्या आईने त्या दिवसापासून स्वतःच्या पावालाही कधी लोणी लावले नाही, असे ताई मामांना सांगत होती.

मित्रांनो, जुन्या यंत्राची धूळ पुसत जा, त्याचे दार हळू लावत जा. आणि त्याने नकोसा आकडा सांगितला, तर ते टाकून देण्याआधी आपल्यातच कुणी मायेपोटी काही केले आहे का, ते विचारून पाहा. आमच्याकडे तीन महिने कोणी विचारले नाही. त्या तीन महिन्यांत धाकटीची नजर किती गेली, ते मला मोजता येत नाही.