काकूच्या मागचं आकाश

राहुकाळ पाळणाऱ्या माणसानं रविवारी संध्याकाळी फोटोग्राफरला बोलावूच नये. रविवारी राहुकाळाची अशुभ वेळ साडेचार ते सहा, आणि आमच्या तंजावुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या आधीच बुडतो. हे मी वैद्यनाथकाकांना फोनवर सांगितलं, वेण्णार नदीच्या काठावर पोचल्यावर सांगितलं, शेवटी ओरडून सांगितलं. काका आपले घड्याळाकडे बघत उभे.

"सहा होऊ दे गे, विद्या. उद्या हिला दवाखान्यात न्यायचं. आज काही वाकडं नको."

पुण्याचे पाहुणे हे ऐकून हसतात. हसोत बापडे. आमचे पूर्वज मराठी घेऊन इकडे आले आणि राहुकाळ तमिळ शेजाऱ्यांकडून उचलला. आता मराठी सुटेल एखाद वेळेस, राहुकाळ सुटायचा नाही.

कमलाक्षीकाकूला डाव्या जबड्याचा कॅन्सर. पहाटे तिरुचीला निघायचं, तिथं त्या बाजूचं हाडच काढणार. दुसरीकडचं कातडं आणून शिवतील, पण चेहरा हा राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं. काकू तेव्हा रडली नाही. आज दुपारी मात्र तिचा फोन आला. "माझं तोंड आहे तोवर एक फोटो काढून ठेव. स्टुडिओत नको, भिंती उद्यापासून बघायच्याच आहेत. मागं आकाश असू दे."

साडेपाचला सूर्य नारळीच्या शेंड्यांवर टेकला होता आणि मला फारसं काही करायचंच नव्हतं. काकूचा उजवा, चांगला गाल उजेडाकडे वळवायचा, सूज सावलीत ठेवायची, आणि त्या सावलीत फ्लॅश मिठासारखा चिमूटभर टाकायचा. त्या वेळी सावलीसुद्धा मऊ असते, कारण सगळं आकाश तिच्यात उजेड ओतत असतं. चेहराही राहतो, मागचा केशरी रंगही राहतो. दर लग्नात हेच तर करते मी!

"काका, आत्ता! पाया पडते तुमच्या."

"पाया पड, काही कर. सहा होऊ दे."

मला त्यांचं घड्याळ काढून नदीत भिरकावावंसं वाटलं. काकू तोंडाला रुमाल लावून उभी होती. म्हणाली, "असू दे गे. माझ्यासाठीच करतात ते." झालं! दात-ओठ खात उभी राहिले आणि सूर्य डोळ्यांदेखत झाडांमागं गेला.

सहा वाजले. काकांनी हात जोडले, "हं, काढ आता."

पलीकडच्या भातशेतांवर थोडा लाल रंग उरला होता. पहिला फोटो काढला तर काकूचा चेहरा पांढराफटक, सूज ठसठशीत आणि मागं काळोख, रात्री बॅटरी मारून चोर पकडावा तसा. फ्लॅशनं चेहरा उजळतो, आकाशापर्यंत त्याचा उजेड पोचत नाही. आकाश हवं तर शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही. काकूच्या तोंडातून लाळ गळायची, ती सारखी गिळायची. "काकू, श्वास धर," मी म्हणायची. ती धरायची बिचारी, पण ऐन वेळी ओठ थरथरायचाच. आकाश आलं की तोंड पुसट व्हायचं. आणखी एक म्हटलं, आणखी एक म्हटलं. तेवढ्यात तो लाल रंगही विझला.

शेवटी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात घेतला आणि हात लांब करून तिच्या उजव्या गालाकडून मारला. म्हटलं, निदान सूज तरी लपेल. लपली. पण सावलीत ओतायला आता आकाशात उजेडच उरला नव्हता. फोटोत अर्धा चेहरा आला. डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत नुसता काळोख.

"बघू," काकू म्हणाली. मी कॅमेरा देईना. तिनं तो ओढूनच घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"उद्यापासून असंच ना?" तिनं विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "बघा, काका! झालं समाधान? एक गोष्ट मागितली होती तिनं, एक!"

काकांनी स्क्रीनकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. चूक झाली की पिळ्ळैयार गणपतीपुढं मारून घेतात तशा दोन्ही गालांवर थपडा मारून घेऊ लागले. काकूनं खाली वाकून त्यांचे हात धरले.

"पोदुम. पुरे म्हणते ना! सूज काय आजची आहे? सहाच्या आधी काढला असता तरी असाच आला असता. विचारा हिला."

काका माझ्याकडे बघू लागले. "खरं का गे, विद्या?"

मी कुणाची भीडभाड ठेवणारी बाई नाही, आख्ख्या गोतावळ्याला माहीत आहे. पण त्यांच्या डोक्यावरून काकू माझ्याकडे बघत होती, आणि तिला असं विनवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"हो, काका," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता."

त्यांना ते पटलं. उपरण्यानं डोळे पुसले, आणि "मी ऑटो बघतो" म्हणत रस्त्याकडे गेले. मी सामान आवरायला लागले. काकू माझ्याजवळ आली.

"आला असता ना गे चांगला?"

तिच्याशी खोटं बोलवेना. "हो."

"किती चांगला?"

"फार चांगला, काकू."

तेव्हा ती रडली. रुमाल तोंडावर दाबून, आवाज रस्त्यापर्यंत जाऊ नये म्हणून. काका ऑटो घेऊन येईपर्यंत तिनं डोळे पुसले होते.