आईची डावी दाढ

थोरली बहीण दातांची डॉक्टर आणि धाकटीही दातांचीच. दवाखाना एक, खुर्च्या दोन, पण दारातून आत येणारा जो तो धाकटीला विचारत यायचा. थोरलीच्या पोटात दुखायचं ते यावरून.

दहा वर्षांपूर्वी दोघींनी रीतसर अभ्यास मांडला होता. तीस पेशंट, प्रत्येकाच्या दोन किडक्या दाढा. डावीत थोरलीनं सिमेंट भरायचं, ते चिकटवायला तीन बाटल्यांची जुनी, वेळखाऊ पद्धत. उजवीत धाकटीनं, एका बाटलीत काम खलास. निखळलं की कार्डावर नोंद. दहा वर्षांनी बाहेरचे डॉक्टर तपासणार, कुठली दाढ कुणाची ते न कळता.

एकोणतीस जण तपासून झाले. पाच जणांचं थोरलीनं भरलेलं निखळलं होतं, पाच जणांचं धाकटीनं. तिसावी त्यांची आई, उद्या सकाळी.

थोरलीला कुठला धीर निघतोय. दात साफ करायचं निमित्त काढून तिनं आईला आजच खुर्चीत बसवलं आणि आरसा आत घातला. उजवी टिकली होती, पण कडा तपकिरी झाली होती. डावी मात्र लख्ख, कुठे रेघसुद्धा नाही. पाच-पाचची बरोबरी मोडायला तेवढं पुरेसं होतं. थोरलीला आनंद झाला, आणि तो धाकटीचं तोंड उतरेल या विचारानं जास्तच झाला.

"दहा वर्षं, आई. याला म्हणतात काम."

आईनं चूळ भरली. "ते तुझं नाही गं. तुझं सिमेंट तिसऱ्याच वर्षी पडलं, जेवताना. धाकटीनं पुन्हा भरून दिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आठ दिवस जेवली नसतीस. धाकटी म्हणाली, कार्डावर ताईचंच राहू दे, तिला बरं वाटेल."

म्हणजे जिंकायचं तेही धाकटीच्या मेहेरबानीनं. सात वर्षं हिला माहीत होतं, आणि सात वर्षं ही समोर बसून गोड हसत होती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पलीकडच्या खोलीत धाकटी कुणा पेशंटला हसवत होती.

गप्प बसलं असतं तर उद्या कुणाला काही कळलं नसतं. थोरलीनं कार्ड ओढलं आणि डाव्या दाढेपुढे तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात लिहिलं, 'निखळलं'. धाकटीचे उपकार घेण्यापेक्षा तिला हरणं परवडत होतं.