अर्ध्या दिवसाचं मौन

पद्माकर सबनीस सरांनी तेहतीस वर्षं चिंचवडच्या शाळेत भूगोल शिकवला आणि दर वर्षी न चुकता फळ्यावर ज्वालामुखी काढला. तांबड्या खडूचा लाव्हा, पांढऱ्या खडूची वाफ, वर राखेचा ढग. ज्या महाराष्ट्रात पायाखालचा दगडन्‌दगड लाव्हाचा, तिथे उभा जन्म काढूनही ज्वालामुखीचं विवर म्हणून त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आता बासष्टाव्या वर्षी मुलीच्या कृपेने तो योग आला होता, तर अट अशी की चार तास अवाक्षर काढायचं नाही. पद्माकर सरांना असं सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं होतं, पण त्यांनी ते कबूल केलं होतं.

अट मयूराची होती आणि तिला कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार सहा साली, चिंचवडच्या एकेका सोसायटीतून तीन-तीन पोरं ऑस्ट्रेलियाला निघाली होती. कुणी अकाउंटिंगला, कुणी आयटीला, कुणी चक्क केस कापायच्या कोर्सला. सबनीसांची मयूरा पर्यावरणशास्त्राला म्हणून गेली ती थेट वॉर्नाम्बूलला. मेलबर्नपासून तीन तासांवरचं, समुद्राकाठचं हे गाव. मराठी माणूस तिथे औषधालाही नव्हता. दिवसा युनिव्हर्सिटी आणि उरलेल्या वेळात एका मोटेलमध्ये खोल्या साफ करायच्या, असं तिचं चाललं होतं. गावाजवळच टॉवर हिल नावाचं विझलेल्या ज्वालामुखीचं विवर आहे. अभ्यासासाठी म्हणून ती तिथे जायला लागली आणि त्या जागेच्या प्रेमातच पडली. शेरिल नावाची एक साठीची बाई पर्यटकांना व्हॅनमधून तिथली अर्ध्या दिवसाची सहल घडवायची. तिला गाइड हवी होती. मयूराने अर्ज केला आणि आज तिची ट्रायल होती. शेरिल स्वतः व्हॅन चालवणार, मागे उभी राहून ऐकणार आणि शेवटी हो की नाही ते सांगणार. हो म्हणाली तर चादरी बदलण्यातून सुटका, नाही म्हणाली तर पुन्हा तेच संडास घासणं.

शेरिलचा एक नियम होता. ट्रायलला मित्रमैत्रिणी, नातेवाईक कुणी नको. मागच्या उमेदवाराने म्हणे व्हॅनभर दोस्त आणले होते आणि ते वाक्यावाक्याला टाळ्या वाजवत होते. पण सर आणि त्यांच्या पत्नी वासंतीबाई परवा पुण्याला परत निघणार, विवरापर्यंत बस जात नाही, मयूराकडे गाडी नाही. बापाचा पडलेला चेहरा बघून पोरीलाच राहवलं नाही. तिने दोघांची नावं साध्या पॅसेंजरांसारखी लिहून टाकली. आडनावावरून कुणी विचारलंच, तर आमच्याकडे सबनीस म्हणजे तुमच्याकडचे स्मिथ, असं सांगायचं ठरलं.

"बाबा, तुम्ही फक्त पॅसेंजर. मी चुकले तरी चुकू दे. एक शब्द बोलायचा नाही," तिने आदल्या संध्याकाळी बजावलं.

सरांनी मान हलवली. ती असं का म्हणते ते त्यांना ठाऊक होतं. मयूरा चौथीत असताना वक्तृत्व स्पर्धेत भाषण करता करता क्षणभर थांबली, तर पहिल्या रांगेतून सरांनी पुढचं वाक्य असं खणखणीत सांगितलं की परीक्षकांनी मान वर करून बघितलं. पोरगी रडत खाली उतरली, ती पुढे शाळा संपेपर्यंत स्टेजवर चढली नाही. सरांच्या मनातून ते कधी गेलं नव्हतं. उद्या जीभ चावून रक्त आलं तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं.

पण बोलायचं नाही म्हणजे काही करायचंच नाही असं थोडंच आहे? शाळेत इन्स्पेक्शन असलं की सरांची एक पद्धत होती. आदल्या दिवशी प्रश्न पोरांना वाटून द्यायचे आणि उत्तरं घोकून घ्यायची. साहेबांसमोर वर्ग मुका बसला तर मास्तराची अब्रू जाते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. उद्या कुणीच प्रश्न विचारला नाही तर शेरिलबाईला वाटेल, पोरगी सहल रंगवू शकत नाही. तेव्हा त्यांनी मयूराच्या नकळत वासंतीबाईंना गाठलं. "हा ज्वालामुखी किती जुना आहे?" एवढंच इंग्रजीत विचारायचं. बाईंचा इंग्रजीशी उभा दावा, पण लेकीसाठी म्हणून त्यांनी ते वाक्य तांदूळ निवडता निवडता पाठ केलं. उत्तरही सरांनी सवयीने सांगून ठेवलं.

सकाळी नऊला व्हॅन सुटायची होती. टूवूंबा नावाच्या दूरच्या गावाहून आलेलं एक निवृत्त शेतकरी जोडपं होतं, दोन डच पोरं होती आणि हे दोघं. मयूराने आईबापांना अगदी परक्यासारखं गुड मॉर्निंग केलं. सरांना ते लागलं, पण पोरीचा अभिनय पाहून बरंही वाटलं. घोळ घातला तो वासंतीबाईंनी. लेक परीक्षेला निघाली आणि हातावर दहीसाखर नाही, हे काही त्यांना सोसेना. पर्समध्ये स्टीलची डबी होती. एकटीलाच दिलं तर बिंग फुटेल एवढी अक्कल त्यांना होती, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच दिलं. डच पोरांना, शेतकऱ्याला, शेतकऱ्याच्या बायकोला आणि स्टिअरिंगवर बसलेल्या शेरिललासुद्धा. प्रत्येकाने तळहात पुढे केला आणि चमचाभर दही चाटलं. मयूराने शेवटी घेतलं, तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

विवराच्या कडेवर पोचल्यावर सगळे उतरले. समुद्राकडून बोचरा वारा येत होता. मयूराने बोलायला सुरुवात केली आणि सरांनी मफलरचं टोक तोंडाशी धरलं. शेजारच्या शेतकऱ्याने त्यांना विचारलं, ज्वालामुखी पहिल्यांदाच बघताय का. सरांनी नुसती मान डोलावली. बिचाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला इंग्रजी येत नाही. मग तो मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत, हातांनी डोंगर काढून आणि तोंडाने धडाम करून त्यांना ज्वालामुखी म्हणजे काय ते समजावू लागला. त्यात दोन चुका होत्या. सर दोन्ही गिळून गप्प राहिले.

मयूरा मात्र छान बोलत होती. तीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हा फुटला, तेव्हा इथली माणसं इथेच राहत होती, त्यांची दगडी कुऱ्हाड राखेच्या थराखाली सापडली, हे तिने सांगितलं तेव्हा डच पोरांनी फोटो काढायचे थांबवले. शेरिल मागे हाताची घडी घालून उभी होती. आणि नेमका त्याच वेळी वासंतीबाईंनी हात वर केला.

आता नको, आत्ताच तर तिने सांगितलं, असं सरांना ओरडून सांगावंसं वाटलं, पण मौन होतं. त्यांनी बायकोच्या शालीचा पदर ओढला. बाईंना वाटलं, लवकर विचार म्हणतायत.

"हाऊ ओल्ड इज धिस व्होल्कॅनो?" वासंतीबाईंनी खणखणीत विचारलं, आणि पाठांतराच्या भरात थांबायचं विसरून पुढचंही म्हणून टाकलं, "थर्टी थाउजंड इयर्स. थँक यू."

सगळे हसले. प्रेमानेच हसले, शेतकऱ्याने तर टाळी वाजवली. पण ओळखीच्या माणसांच्या टाळ्या हाच तर शेरिलचा राग. तिने भुवया उंचावून आधी बाईंकडे आणि मग मयूराकडे पाहिलं. मयूरानेही ते पाहिलं आणि तिचा धागा तुटला. हे विवर तयार कसं झालं, ते सांगायची पाळी होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काहीच येईना.

वर येणारा तापलेला रस जमिनीतल्या पाण्याला भिडला, पाण्याची एकदम वाफ झाली आणि वाफेच्या जोराने जमीन उडाली. हे वाक्य सरांनी तेहतीस वर्षं म्हटलं होतं. ते त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं. मयूरा सरळ त्यांच्याकडे बघत होती. सांगा, असं डोळे म्हणत होते की गप्प बसा, ते त्यांना कळेना. पंधरा वर्षांपूर्वीही कळलं नव्हतं. त्यांनी मफलर दातांत धरला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिले. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं, आणि माझ्याच शहाणपणामुळे पोरीचं काम जाणार, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

"सॉरी, मी विसरले," मयूराचा आवाज आला. "एक मिनिट."

ती खाली वाकली. वाटेवरचा एक काळपट तांबूस दगड तिने उचलला आणि शेतकऱ्याच्या बायकोच्या हातावर ठेवला. वजन बघा, ती म्हणाली. बाई चकित झाली, दगड दिसतो त्याच्या निम्म्यानेही जड नव्हता. मग तो हातोहात फिरला. ही भोकं कसली, मयूराने विचारलं. कुणी म्हणालं किड्यांची, कुणी म्हणालं पावसाची. हवेची, एक डच पोरगा म्हणाला. जवळ आलात, मयूरा म्हणाली, आणि तिथून तिला सगळं आठवलं. दगडात कोंडलेला वायू, जमिनीतलं पाणी, वाफ, स्फोट. या वेळी ती पाठ केलेलं बोलत नव्हती, त्या माणसांशी बोलत होती. दगड शेवटी सरांच्या हातात आला. इथून काही न्यायचं नसतं, असं सांगून तिने तो त्यांच्याकडून घेतला आणि होता तिथे ठेवून दिला.

सरांच्या मनात आलं, आपण तेहतीस वर्षांत एकाही पोराच्या हातात दगड दिला नाही. चिंचवडला काय दगडांचा तोटा होता? त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा कितीतरी मोठा अभिमान वाटला.

पुढचे दोन तास व्हॅन विवराच्या पोटात होती. एमू आले, झाडावर झोपलेला कोआला दिसला. शंभर वर्षांत उजाड झालेलं हे रान एका जुन्या चित्रात बघून पुन्हा कसं लावलं, तेही मयूराने सांगितलं. एक वाजता पिकनिकच्या बाकांपाशी चहा झाला, आणि शेरिलने सबनीस दांपत्याला बाजूला बोलावलं. मयूरा पांढरीफटक पडून त्यांच्या मागोमाग गेली.

शेरिलच्या हातात दोन कागद होते. एक पॅसेंजरांची यादी, त्यावर पद्माकर सबनीस. दुसरा मयूराचा अर्ज, त्यावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, मयूरा पद्माकर सबनीस. स्मिथची गोष्ट रचताना मुलीच्या नावाच्या मधोमध बाप बसलेला असतो, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. जन्मभर ज्या नावाने सह्या केल्या त्याकडे कोण बघतो? मयूरा माफी मागायला लागली. हे सगळं माझंच, असं सरांनी हाताने खुणावलं, कारण मौन अजून सुटलं नव्हतं.

शेरिलने तिला थांबवलं. मला सकाळीच कळलं होतं, ती म्हणाली. तेव्हाच उतरवणार होते, पण त्या चमचाभर दह्याने गप्प केलं. मग म्हटलं बघू या, आईबापांसमोर बोलण्यासारखं अवघड काही नसतं. मला स्वतःला कधी जमलं नाही. पुन्हा खोटं बोलू नकोस. शनिवारपासून ये.

वासंतीबाईंना शब्द कळले नाहीत, पण लेकीचा चेहरा कळला. त्यांनी शेरिलच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. शेरिलला ते काय होतं ते समजलं नाही, तरी तिने मान खाली केली. मग ती सरांकडे वळली.

"मिस्टर सबनीस, मी वीस वर्षं लोकांना इथे आणतेय," ती म्हणाली. "चार तासांत एकदाही विवराकडे न बघणारे तुम्ही पहिलेच."

सर बोलायला गेले आणि थबकले. खरंच, तळं कोणत्या रंगाचं होतं? मधल्या टेकड्या किती होत्या? त्यांना काहीएक सांगता येईना. मयूराच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती, ती 'ॲक्चुअली' हा शब्द एकोणीस वेळा म्हणाली, वाऱ्याने केस तोंडावर आले तेव्हा तिने ते अगदी आपल्या आईसारखे मागे सारले, हे सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. ज्वालामुखी तेवढा आठवत नव्हता.

"मयूरा, आज दुपारनंतर व्हॅन रिकामी आहे," शेरिलने किल्ली पुढे केली. "बाकीच्यांना गावात सोडू, मग तू यांना परत आण. पाचपर्यंत."

तिसऱ्या प्रहरी तिघंच पुन्हा कडेवर उभे राहिले. वारा पडला होता. आता बाबा, हवं ते बोला, मयूरा म्हणाली, चुकलं ते सांगा. सरांनी घसा खाकरला, पण सांगण्यासारखं काही सापडेना. तूच सांग, ते म्हणाले, पहिल्यापासून.

मयूराने पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मराठीत. तापलेला रस, पाणी, वाफ. हाताने तळं दाखवलं, तळ्यामागच्या टेकड्या दाखवल्या, आणि मध्येच थांबली.

"बाबा, समोर बघा ना."

"बघतोय की," सर म्हणाले, आणि मान काही त्यांनी वळवली नाही.