शारोनची आजी आधी उठेल का?

“टीचर, माझी आजी सगळ्यांच्या आधी उठेल की,” शारोन म्हणाली. “तिला बसवूनच पुरलंय.”

चर्चच्या मागच्या खोलीत मुलांची रविवारची शब्बाथशाळा चालली होती. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, एवढं माझं सांगून होतंय न होतंय तोच हे आलं. शारोनच्या आईचं माहेर अक्कलकोटकडचं, लिंगायत. गेल्या मंगळवारी तिची आजी, चन्नम्मा, वारली. त्यांच्याकडं माणसाला मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन मातीत बसवतात. शारोन ते बघून आली होती.

“आपली मान्सं आडवी असत्यात,” ती सगळ्यांना समजावू लागली. “त्यांना आधी उठून बसावं लागनार, मग उभारावं लागनार. आजीचं निम्मं काम झालंय.”

मुलं विचारात पडली. मला हसू आलं. सव्वीस वर्षं मी या खोलीत शिकवतेय. नर्सची नोकरी संपली, ही काही संपत नाही. देव जेवतो का, त्याला कन्नड येतं का, डास त्यानंच केले का, सगळ्याला माझ्याकडं उत्तर तयार. उत्तराविना पोर घरी पाठवत नाही, याचा मला थोडा तोराच आहे.

तेवढ्यात अजिंक्य म्हणाला, “पन तिचा बाप्तिस्मा कुटं झालता? ती उठनारच न्हाय.”

शारोननं माझ्याकडं पाहिलं. “व्हय टीचर? उठनार न्हाय?”

मीही लिंगायताघरची, लग्न करून या चर्चच्या मंडळीत आले. तिसऱ्या वर्षी माझी आई गेली. तिलाही असंच बसवलं. तेव्हा हाच प्रश्न मी जुन्या पाळकांना विचारला होता. त्यांनी लगेच उत्तर दिलं. त्या दिवसापासून चर्चच्या आवारात मी आईचं नाव काढलेलं नाही. ते उत्तर मला तोंडपाठ आहे, पण या पोरीला ते देववेना. खोटं सांगायलाही जीभ रेटेना.

“मला ठाऊक न्हाय, बाळा,” मी म्हणाले.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. हे त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“मग कुनाला ठाऊक हाय?” शारोननं विचारलं.

“देवाला.”

वर्ग सुटताना आम्ही गोल उभे राहतो. डोळे मिटून प्रत्येकानं एक नाव घ्यायचं. कोणी आजारी असेल त्याचं, कोणाची परीक्षा असेल त्याचं. मेलेल्यांसाठी आमच्यात प्रार्थना करत नाहीत. या पोरांना ते मीच शिकवलंय. अजिंक्यनं पाय मोडलेल्या मामाचं नाव घेतलं. मग शारोन.

“चन्नम्मा,” ती म्हणाली.

तिला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. नावं पुढं सरकत गेली आणि शेवटी माझी पाळी आली.

“जगदेवी.”

“टीचर, जगदेवी कोन?” अजिंक्यचा एक डोळा उघडाच होता.

“माझी आई,” मी म्हणाले. “डोळे मीट.”